ताईच्या पत्रातल्या अकरा चुका

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी सव्वासात.

नवी डायरी. या वर्षी मराठीत. इंग्रजीत लिहायला घेतली की मी स्वतःच्याच डायरीला लाल पेन्सिल लावत बसते. गेल्या वर्षीची डायरी महिनाभरात रक्तबंबाळ झाली आणि मी ती मिटून टाकली. मराठीतल्या चुका मला दिसत नाहीत. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठीला शंभरात पस्तीस पडले तरी पुरत. म्हणजे इथे मी मोकळी.

संकल्प. सुनेला टोकायचं नाही. चहात एकच चमचा साखर. आणि मुख्य म्हणजे एक एप्रिलपासून ताईकडे राहायला जायचं, कायमचं.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. चाळीस वर्षं एकाच हॉस्पिटलात नर्स होती, आता तिथल्याच निवृत्त नर्सेसच्या क्वार्टर्समध्ये राहते. खोलीत दोन कॉट. दुसऱ्या कॉटवरची बाई जानेवारीत लेकीकडे राहायला गेली. सोबतीला सख्खी बहीण चालते, नाहीतर ऑफिस यादीतलं कुणीतरी पाठवतं. हे सगळं ताईनं माझ्या मुलाला फोनवर सांगितलं. मला नाही, मुलाला. संकोच वाटला असणार बिचारीला. मूल ना बाळ, नवरा जाऊन बारा वर्षं झाली. मला बोलावण्यावाचून तिला गत्यंतर नाही.

मी मात्र स्वतःहून विषय काढणार नाही. बोलावणं आलं पाहिजे. लेखी आलं पाहिजे.

३ फेब्रुवारी, मंगळवार.

नाश्त्याला जाहीर करून टाकलं. मुलगा म्हणाला, पण मावशीनं बोलावलंय का तुला? म्हटलं, बोलावल्यातच जमा. अंडं सोलता सोलता सुनेचा हात थांबला. धक्का बसला असणार. माझ्यामागे या घरातलं इंग्रजी कोण सांभाळणार?

नात चौदा वर्षांची आहे. तिनं लगेच विचारलं, आजी, मग तुझी खोली मला? मुलगा तिच्यावर डोळे वटारायला लागला. मी म्हटलं, अरे, असू दे. घे गं बाई, एक एप्रिलला तुझीच. नात उठून माझ्या गळ्यातच पडली. किती जीव आहे पोरीचा माझ्यावर.

सुनेला दिवसभरात एकदाही टोकलं नाही. फ्रिजवर तिनं चिकटवलेल्या चिठ्ठीत एक स्पेलिंग तेवढं दुरुस्त केलं. तेही बारीक अक्षरात.

५ फेब्रुवारी, गुरुवार.

फ्रिजवर चिठ्ठीच नाही. मुलगा म्हणाला, आता सगळे निरोप आम्ही फोनवरच्या ग्रुपवर टाकतो. मला का नाही घेतलं त्यात, म्हणून विचारलं. म्हणाला, आई, तू तिथेही लाल करशील. हसून म्हणाला. कौतुक आहे पोराला.

साखर दीड चमचा. थंडी होती.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.

ताईला रविवारचं पत्र लिहून टाकलं. नेहमीप्रमाणे इंग्रजीत.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि ताई अकरा. वडिलांनी दोघींना बोर्डिंगात ठेवलं. लांबलचक खोली, वीस कॉट, खिडक्या इतक्या उंच की नुसतं आभाळ दिसे. मदरचा नियम होता: सख्ख्या बहिणींनी दर रविवारी एकमेकींना इंग्रजीत पत्र लिहायचं. शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या बहिणीला पत्र! मग अदलाबदल. मग लाल पेन्सिल. चूक सापडली की पत्र लिहिणारीला परत. एकही चूक नसेल, तेच पत्र आपल्या डब्यात जपून ठेवायचं.

डबा अजून आहे माझ्याजवळ. बिस्किटांचा, झाकणावर गलबत. रिकामा आहे. ताईचं निर्दोष पत्र अजून यायचंय. छपन्न वर्षं मी वाट पाहतेय. इतकी चिकाटी कुठल्या बहिणीत असेल?

माझी पत्रं मात्र ताईनं गेल्या तीसेक वर्षांत कधी परत पाठवली नाहीत. मी छापखान्यात प्रूफरीडर म्हणून लागले तेव्हापासूनच. काही सापडतच नसणार.

मला गोवर निघाला होता तेव्हा दुपारच्या विश्रांतीत ताईनं तिची कॉट ढकलत ढकलत माझ्या कॉटजवळ आणली होती. हात पुरेल इतकी जवळ. फरशीवर चार ओरखडे उठले. मदरनी तिला त्याबद्दल तासभर उभं केलं. उभ्या उभ्या ती माझ्याकडे बघून डोळे बारीक करून हसत होती.

१४ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी अकरा.

ताईचं पत्र आलं!

हावरटासारखं फोडलं नाही. आधी टेबल पुसलं, पट्टी घेतली, पेन्सिल तासली. माझी पेन्सिल दोन तोंडांची आहे, एकीकडे लाल, एकीकडे निळी. निळी शाबासकीसाठी. ती बाजू अजून तासायची वेळ आलेली नाही.

छापखान्यातले हेड आम्हाला पहिल्या दिवशी सांगायचे, पोरींनो, मजकुरात शिरलात की बुडालात. अर्थ डोळ्यांवर पट्टी बांधतो. म्हणून प्रूफ शेवटच्या ओळीपासून वर वाचायचं, एका वेळी एकच ओळ, बाकी पट्टीखाली. एकतीस वर्षं मी औषधांच्या बाटल्यांबरोबरचे कागद असे तपासले. कशावरचं औषध आहे ते एकदाही कळलं नाही, पण स्वल्पविराम हलला नाही.

ताईचं इंग्रजी पत्र तसंच तपासलं, इथे मराठीत उतरवतेय. खालून वर:

‘एकतीस मार्चच्या आत’. पुढे पूर्णविराम नाही.

‘ऑफिसला तुझं नाव सांगू का’. प्रश्नचिन्ह नाही.

‘दुसरी कॉट’. आधी आर्टिकल गाळलंय.

‘डोळ्यांचं आता काही खरं नाही’. अनेकवचन आणि एकवचन यांची खिचडी.

‘तुला बघायचंय’. शब्द एकावर एक चढलेत.

नीटनेटकेपणाबद्दल तर बोलायलाच नको. ओळी उजवीकडे घसरत जातात, एक तर कागदाच्या बाहेरच गेली. पेनही जाड, मार्करसारखा. सदुसष्टाव्या वर्षी कसल्या फॅशनी.

आणि सगळ्यात वरची, पहिलीच ओळ: ‘माझं आयुष्य व्हेरियस गेलं’. व्हेरियस! आयुष्याला! तिथे व्हेरीड हवं. मी चक्क खुर्चीत मागे रेलले. मदरनी हे किती जीव तोडून शिकवलं होतं.

एकूण अकरा. पाचाच्या वर चुका गेल्या की मजकूर अर्थासाठी वाचायचाच नाही, परत पाठवायचा, हा छापखान्याचा नियम. तेव्हा अर्थासाठी वाचलं नाही. पण कॉटचा विषय निघालाय एवढं दिसलं. प्रस्तावना आहे ही. खरं बोलावणं पुढच्या पत्रात येईल.

त्याच दिवशी, दुपारी चार.

नात डोकावली. म्हणाली, आजी, मावशीआजीनं काहीतरी विचारलंय गं इथे. म्हटलं, प्रश्नचिन्ह दिसतंय का तुला? म्हणाली, नाही. म्हटलं, मग ते विचारलेलं नाही. प्रश्नचिन्ह नसलेल्या वाक्याला उत्तर द्यायचं नसतं. म्हणाली, धन्य आहेस. आजच्या मुली अशा मोकळेपणानं दाद देतात, बरं वाटतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.

नुसतं लाल करून पाठवलं तर ताई तीच चूक पुन्हा करेल. मुळाशीच जायचं. तिच्यासाठी धडा लिहायला घेतला आहे: व्हेरियस आणि व्हेरीड यांतला फरक.

उदाहरण सापडत नव्हतं, म्हणून सुनेचा बटणांचा डबा टेबलावर उपडा केला. लाल बटण, पांढरं बटण, शिंपल्याचं, कोटाचं. ही झाली व्हेरियस बटणं. एकेक वेगळं, उचलून ओळीत मांडता येतं, मोजता येतं. पण दिवस? सकाळी हसू, दुपारी भांडण, संध्याकाळी कंटाळा, तरी दिवस एकच. त्याचे तुकडे सुटे करून टेबलावर मांडता येत नाहीत. तो व्हेरीड. म्हणून बटणं व्हेरियस, आयुष्य व्हेरीड.

किती स्वच्छ झालं! मदर असत्या तर गालावर टिचकी मारली असती.

सून घरी आली. म्हणाली, आई, हे काय? म्हटलं, व्हेरियस. म्हणाली, शर्टाचं एक बटण सापडेल का यात मला? मी शोधून दिलं. टोकलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.

धडा दोन पानांचा झाला. वाढवतेय.

नातीला समजावून सांगत होते तर म्हणाली, आजी, पण मावशीआजीला काय म्हणायचंय ते तर समजलंच ना? मग काय फरक पडतो? म्हटलं, बाळा, ताटात वाढलेलं आणि फरशीवर सांडलेलं, दोन्ही पोटातच जातं. म्हणाली, तुला काय समजलं मग? विषय बदलला. लहान आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.

वाचनालयात गेले. धड्याला कोशाचा आधार असावा म्हणून. ग्रंथपाल सज्जन आहे, मोठा कोश स्वतः उचलून आणून दिला. व्हेरियसचे अर्थ बघितले. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. खाली आणखी एक दिलाय: जुन्या लेखनात, एकाच गोष्टीच्या ठायी अनेक रंग असणं, म्हणजे आयुष्यालाही चालतं. ग्रंथपाल खांद्यावरून वाकून म्हणाला, म्हणजे तुमच्या ताईंचं बरोबरच आहे की.

छपाईची चूक असावी. इतक्या मोठ्या ग्रंथात एखादी राहतेच. ग्रंथपालाला तसं सांगितलं. त्यानं कोश माझ्या हातातून काढून घेतला. जड होता, म्हणून असेल.

धड्यात या अर्थाचा उल्लेख करायचा नाही. विद्यार्थ्याचा गोंधळ उडतो.

२६ फेब्रुवारी, गुरुवार.

पाकीट रवाना. आत ताईचं पत्र, अकरा लाल खुणांसकट. चार पानी धडा. आणि दहा गाळलेल्या जागांचा स्वाध्याय. प्रत्येक रिकाम्या रेघेवर व्हेरियस किंवा व्हेरीड यांपैकी योग्य शब्द भरायचा. दहावी जागा मुद्दाम भावपूर्ण केली आहे: ‘माझ्या धाकट्या बहिणीचं प्रेम ... आहे.’ उत्तर व्हेरीड.

ताईला हुंदका येईल. मलाच लिहिताना आला.

४ मार्च, बुधवार.

ताईचा फोन. आमच्यात फोन म्हणजे कुणी जन्मलं किंवा कुणी गेलं, म्हणून धसकतच घेतला. तसं काही नव्हतं.

म्हणाली, धाकटे, माझं पत्र वाचलंस ना? म्हटलं, अक्षर न् अक्षर. म्हणाली, मग? म्हटलं, मग काय, अकरा चुका. मला वाटलं, लाइन गेली. मग म्हणाली, तुझं पाकीट आलं. वॉर्डातल्या मुलीनं सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, स्वतः वाचायला काय झालं? शाळेतही तू धडे दुसऱ्यांकडून वाचून घ्यायचीस. त्यावर हसली. मी विचारलं, स्वाध्याय केलास? म्हणाली, बघते. आणि पुन्हा हसली, या वेळी जरा निराळीच.

ठेवता ठेवता म्हणाली, मी काहीतरी विचारलं होतं गं तुला. म्हटलं, ताई, प्रश्नचिन्ह नव्हतं. म्हणाली, नव्हतं का? राहिलं असेल. बरं, परत विचारते.

म्हणजे ठरलं. बोलावणं येतंय, लेखी, प्रश्नचिन्हासकट. फोनवर तिला अवघडवलं नाही, हे बरं केलं. मोठ्या बहिणीचा मान आपणच राखायचा असतो.

साखर दोन चमचे. आनंदात.

९ मार्च, सोमवार.

मुलाला सांगून मोठी बॅग माळ्यावरून काढवली. म्हणाला, आई, पत्र तर येऊ दे आधी. मग जरा थांबून म्हणाला, नाहीतर मी करू का मावशीला फोन? म्हटलं, खबरदार. दोन प्रौढ, सुशिक्षित बहिणींमधला व्यवहार आहे हा.

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, आई सांगतायत तर ऐका ना. पहिल्यांदाच माझी बाजू घेतली तिनं. जाणार म्हटल्यावर माया फुटते माणसाला.

१६ मार्च, सोमवार. सकाळी साडेदहा.

ताईचा स्वाध्याय परत आला. सोबत पत्र नाही.

मला वाईट लिहायचं नव्हतं, पण ही काय पद्धत झाली? शब्द रेघेवर लिहायचे असतात. हिचे काही रेघेच्या वर तरंगतायत, काही खाली पडलेत, तिसरा आणि चौथा एकमेकांवर बसलेत. दहाही जागांवर एकच शब्द: व्हेरियस. दहाव्याही. मुद्दाम चिडवायला केलंय म्हणावं, तर ताईचा तसा स्वभाव नाही.

पानाच्या तळाशी, हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत, ३१ असा आकडा आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

गुण विचारतेय. एकतीस! दहा गुणांच्या पेपरात! प्रश्नचिन्ह मात्र या वेळी ठळक काढलंय. दोनदा गिरवलंय. एक तरी प्रगती झाली.

प्रश्न विचारलाय तर उत्तर दिलं पाहिजे. ३१ वर काट मारली, शेजारी मोठं लाल शून्य काढलं, भोवती गोल केला आणि आजच्या टपालानं परत. मन घट्ट करावं लागलं. काही गुण दयेचे द्यावेत असं वाटून गेलं, पण मदर म्हणायच्या, दया म्हणजे आळशी शिक्षिकेची युक्ती.

२१ मार्च, शनिवार.

सुतार आला होता. नातीचं टेबल कुठे बसेल ते बघायला. माझ्या पलंगावर चढून भिंत मोजली. मी पलंगावर होते तेव्हाच. म्हणाला, आजी, जरा पाय घ्या. नात बाजूला उभी राहून म्हणाली, काका, हा पलंगच जाणार आहे. म्हटलं, बाळा, पलंग नव्हे, मी. म्हणाली, हो, दोन्ही.

काय चुणचुणीत झालीय.

२६ मार्च, गुरुवार.

ताईसाठी भेट घेतली: लाल-निळ्या पेन्सिलींचा डझन. आता एकाच खोलीत राहणार म्हटल्यावर पत्रं टपालानं जाणार नाहीत. पुन्हा कॉटवरून कॉटवर. रविवारी दुपारी. लिहायचं, द्यायचं, तपासायचं.

पोस्टमनला विचारलं. म्हणाला, आजी, असतं तर दिलं नसतं का? जरा तुसडाच आहे.

२९ मार्च, रविवार.

बॅग भरली. कपडे, शाल, दोन कोश, पट्टी, गलबताचा डबा. डबा रिकामा असल्यामुळे त्यात मोजे ठेवले.

ताईला या रविवारी पत्र लिहिलं नाही. प्रत्यक्षच भेटणार.

३१ मार्च, मंगळवार. सकाळी नऊ.

आज शेवटचा दिवस या घरातला. साडी नेसून, चप्पल घालून दाराशी खुर्चीवर बसले आहे. पत्र आलं की संध्याकाळची गाडी गाठता येईल. ताईच्या स्वभावाला शेवटच्या क्षणापर्यंत ताणायची खोड आहेच.

दुपारी दीड.

पोस्टमन आला. विजेचं बिल आणि दातांच्या दवाखान्याचं आठवणपत्र. आठवणपत्रात दोन चुका.

संध्याकाळी सहा.

मुलगा कामावरून आला. मला दाराशी बसलेली बघून बुटांची नाडी सोडायची विसरला. म्हणाला, आई, तूच फोन कर ना मावशीला, आत्ता. म्हटलं, बोलावणं तिनं करायचंय. ती एक ओळ धड लिहू शकली असती तर आज ही वेळ आली नसती. मुलगा म्हणाला, तिनं लिहिलं नव्हतंच का काही? म्हटलं, व्हेरियस लिहिलं होतं.

ताईवर रागावले आहे. बहिणीला इतकं ताटकळत ठेवणं बरं नव्हे.

१ एप्रिल, बुधवार.

शब्द म्हणजे शब्द. खोली नातीला दिली. सून म्हणाली, आई, राहू द्या हवं तर थोडे दिवस. पण सुतार फळ्या घेऊन दारात उभा होता. मी म्हटलं, हॉलमधल्या सोफ्यावर माझी उत्तम सोय होईल, दोन-चार दिवसांचा तर प्रश्न. सून जास्त आग्रह करून मला लाजवत बसली नाही. समजूतदार आहे.

सोफा माझ्याहून वीतभर आखूड आहे. पाय दुमडून झोपावं हे तब्येतीला चांगलंच.

७ एप्रिल, मंगळवार.

नातीनं खोलीला रंग दिला. एक भिंत निळी, एक पिवळी, एक कसलीशी. मी म्हटलं, हे मात्र व्हेरियस झालं हं. तिनं कानात घातलेलं यंत्र काढून विचारलं, काय म्हणालीस? म्हटलं, छान झालीय. म्हणाली, थँक्स, आणि दार लावून घेतलं. लावताना हळू लावलं. किती सांभाळून वागतात सगळे.

पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात बसते. तिथे उजेड चांगला आहे.

१२ एप्रिल, रविवार.

ताईला पत्र लिहायला बसले. ‘प्रिय ताई’ लिहिलं आणि पुढे सुचेना. सुचेना म्हणजे, ओळ लिहिली की या टोकापासून त्या टोकापर्यंत चुकीची वाटायची. पाच कागद गेले.

पुढल्या रविवारी लिहीन.

१८ एप्रिल, शनिवार. दुपारी.

पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर अनोळखी, गोल गोल. आतलंही. रेघा आखलेल्या कागदावर. मराठीत.

टेबल पुसलं. पट्टी घेतली. शेवटच्या ओळीवर ठेवली. पण मराठी मला उलटं वाचता येत नाही, तशी सवयच नाही. पट्टी बाजूला ठेवली आणि वरून खाली वाचलं. इथे उतरवून ठेवते.

‘धाकटे, हे पत्र मी सांगतेय आणि माझी सोबतीण लिहून घेतेय. हॉस्पिटलातल्या चादरी शिवायची ती. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मराठीत. चालवून घे.

मला आता उजेड आणि काळोख, एवढंच कळतं. डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं होतं. नजर जाण्याआधी तुझं तोंड डोळे भरून बघून घ्यावं, म्हणून पत्रात एवढी घाई केली, आणि घाईत चुका झाल्या. मग पुन्हा विचारलं, त्यावर तू शून्य लिहिलंस. वॉर्डातल्या मुलीनं मला ते बोटानं गिरवून दाखवलं. तरी एकतीस तारखेला पाच वाजेपर्यंत ऑफिसातल्या बाकावर बसले होते. तुझा स्वभाव, म्हटलं, येईलसुद्धा. पाचाला क्लार्क म्हणाला, सिस्टर, यादीतल्या कुणाचं तरी नाव सांगा. हिचं सांगितलं.

मार्चमध्येच दोन्ही कॉट जवळ घेतल्या होत्या, हात पुरेल इतक्या. आता त्या तशाच ठेवल्यात. हिचा हात सुयांनी खरबरीत झालाय, पण मी नुसती बोटं हलवली तरी उठते.

तुझा बटणांचा धडा हिला मराठीत सांगितला. फार आवडला. म्हणाली, बहीण हुशार आहे हो तुमची, मग आली का नाही? मी म्हटलं, माझ्याच चुका होत्या, अकरा.

तुझी सगळी पत्रं माझ्या डब्यात आहेत. त्यांत पुष्कळ चुका असायच्या गं. परत पाठवायला जीव होत नसे. यापुढे लिहू नकोस असं मी म्हणणार नाही, पण इथे इंग्रजी वाचणारी मुलगी महिनाअखेर बदलून जातेय.

सांभाळून राहा. सुनेला टोकू नकोस. तुझी ताई.’

संध्याकाळी साडेपाच.

डायरीतलं चौदा फेब्रुवारीचं पान काढलं. चुकांची यादी खालून वर वाचली.

तुला बघायचंय. डोळ्यांचं आता काही खरं नाही. दुसरी कॉट. ऑफिसला तुझं नाव सांगू का. एकतीस मार्चच्या आत.

१९ एप्रिल, रविवार.

ताईचं पत्र पुन्हा एकदा तपासलं. मराठीतल्या चुका मला दिसत नाहीत. म्हणजे चुका शून्य.

परत पाठवायला कारण उरलं नाही. डब्यातले मोजे काढले आणि पत्र ठेवलं.